पेडलवरचा पाय

गेल्या मंगळवारी रात्रभर मला झोप नाही. कारण माझा उजवा पाय. दुखत नव्हता, मुरगळला नव्हता. दुपारी एका क्षणासाठी तो उचलला गेला होता, आणि नेमका तेव्हाच उचलायचा नव्हता!

एवढ्यावरून कोणाला काही कळणार नाही, ठाऊक आहे. नागपूरच्या बहिणीला मी पत्रात असंच अर्धवट लिहिते आणि ती उलटटपाली विचारते, "बरी आहेस ना?" पण गॅरेजच्या मागे घर असलं की असंच होतं. पुढे ट्रक उभे, मागे माझा स्वयंपाक. मधल्या दारातून ग्रीस, शिव्या आणि किस्से आत येत राहतात. ग्रीस रॉकेलनं निघतं. शिव्या आल्या की मी रेडिओ मोठा करते, कारण मिनू चार वर्षांची आहे आणि तिला एकदा ऐकलेलं पाठ होतं. किस्से मात्र साचत जातात.

तेव्हा पायाचं सांगतेच. पण आधीचं कळल्याशिवाय पाय कळायचा नाही.

*

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घातलेला. ब्रेकचं काम झालं की ट्रायलच्या वेळी गाडीत गिऱ्हाइकाबरोबर आपल्या घरचं एक माणूस बसलंच पाहिजे. मिस्त्री नाही, घरचं माणूस!

सुरुवात अशी झाली म्हणतात. मामाजी या धंद्यात नवीन होते. एका ट्रकवाल्यानं ब्रेक करून घेतले आणि चावी हातात घेऊन उभाच राहिला. "मिस्त्री, भरोसा कैसे करूं?"

मामाजींनी मागे वळून हाक मारली, "अवं, ऐकतं का? चल, गाडीत बस!"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हाताला भाकरीचं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या. ट्रकवाल्यानं गाडी सुरू केली. तेव्हापासून आमच्या बालाघाट गावात समजू लागलं, की पुढच्या सीटवर आत्याबाई दिसल्या म्हणजे त्या गाडीचे ब्रेक पक्के.

मी एकदा त्यांना विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

त्या म्हणाल्या, "भीती कायची? राजेगावले माहेर माह्यं. ह्यायनं मले कधी आपणहून नेलं काय माहेरी? मले जावंसं वाटलं की मी गॅरेजात येऊन विचारत होती, आज कोणाचे ब्रेक झाले काय?"

*

माझ्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते. एका संध्याकाळी हे गॅरेजातून आत आले आणि म्हणाले, "तयार हो. फिरून येऊ."

मी बी.एस्सी. झालेली मुलगी. तरी इतकी हरखले, की मोरपिशी साडी नेसले, गजरा माळला, हातभर हिरव्या बांगड्या होत्याच. बाहेर येऊन पाहते तर ट्रक! मागे रिकामे बारदाने, आत एक अनोळखी ट्रकवाला विडी ओढत बसलेला. मला वाटलं, असेल इकडची पद्धत.

गोंदिया रोडला लागलो. दोन्ही बाजूंना धानाची शेतं, बगळे, मावळतं ऊन. मी बाहेर बघत होते, आणि ह्यांनी खाडकन ब्रेक मारला. मी समोरच्या डॅशबोर्डवर. गजरा ट्रकवाल्याच्या मांडीवर.

हे माझ्याकडे वळले. इतक्या प्रेमानं मला अजूनपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. "कसं वाटलं?"

मी लाजून म्हटलं, "छान आहे तुमचं गाव."

"गाव नाही वं," हे म्हणाले. "एका बाजूनं वढली काय गाडी, म्हणून विचारून राह्यलो."

*

गॅरेजातले मुख्य मिस्त्री म्हणजे रज्जाकचाचा. साठीचे, पाठीत वाकलेले, डोळ्याला जाड चष्मा. मामाजींबरोबर तीस वर्षं आहेत. जगातल्या सगळ्या बिघाडांकडे ते सारख्याच मायेनं बघतात.

एकदा कटंगीकडचे एक शेतकरी आपला जुना ट्रक घेऊन आले. नेहमी लोक येतात ते ब्रेक लागत नाहीत म्हणून. यांचे लागलेले सुटत नव्हते! दर दोन मैलांवर उतरून, गाडी थंड करून, हात जोडून ते बालाघाटपर्यंत पोचले होते.

चाचांनी ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, वास घेतला आणि चष्मा कपाळावर ढकलला. "सेठ, इसमें डाला क्या है?"

"ब्रेक ऑइल संपलंतं," ते म्हणाले. "बाजाराच्या दिवशी दुकान बंद. मंग करडीचं तेल टाकलं."

हे डोक्याला हात लावून खालीच बसले. ब्रेकच्या आत रबराचे वॉशर असतात. त्यांना फक्त ब्रेक ऑइल सोसतं, दुसरं कोणतंही तेल लागलं की ते फुगतात. चाचांनी पेडलजवळचा मास्टर सिलिंडर खोलला आणि एक वॉशर चिमटीत धरून बाहेर काढला. मूळचा केवढा आणि झाला केवढा!

शेतकरी मात्र दुखावले होते. "असं कसं फुगलं? घरची करडी आहे. घाण्यावर मी सोता उभा राहून काढलं. काही मिलावट नाही!"

चाचांनी तो वॉशर उन्हात धरून सगळीकडून पाहिला. "मिलावट होती तो बच जाता," ते म्हणाले. "बहू, कढ़ाई चढ़ाओ. थोड़ा और फूलेगा."

*

ब्रेक ऑइलचा माझाही एक किस्सा आहे. तो मी सहसा सांगत नाही.

दिवाळीच्या आधी मामाजींनी घराच्या दाराला हिरवा रंग दिला होता. दोन हात. स्वतः. रंग वाळून आठवडा झाला होता. त्या दिवशी कोणीतरी ऑइलचा डबा ओट्यावर ठेवला, मिनू त्याच्या दिशेनं निघाली, आणि मी धावले. माझं धावणं हा एक वेगळाच विषय आहे. मिनू पायरीवर असली की मला ती पडलेली दिसते, पेरू खात असली की बी अडकलेली दिसते. डबा मी उचलला, पण ऑइल हातभर सांडलं. मिनूला आत ढकलताना तोच हात दाराला टेकला.

तासाभरानं बघते तर दाराचा रंग फोडासारखा फुगलेला. फडक्यानं पुसला तर पुसलेल्या जागी लाकूड! पाच बोटं, तळवा, सगळं स्वच्छ उमटलेलं. ब्रेक ऑइल रंग खातं, हे मी कोणत्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

मामाजींनी दाराकडे पाहिलं आणि रंगाचा रिकामा डबा उचलून ठेवला. ते रागावले असते तर कमी लागलं असतं.

चार दिवसांनी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. एकीनं दाराशी थांबून तो पंजा पाहिला, पदर सावरला आणि त्याला हळदीकुंकू लावलं. मागोमाग दुसरीनं. मग तिसरीनं हळूच विचारलं, "काय व्रत आहे हो हे? नागपूरकडचं काय?"

मी तोंड उघडण्याआधी आत्याबाई म्हणाल्या, "हौ. लय कडक आहे. लेकराच्या मागं धावा लागते."

*

आता शिक्षणाबद्दल. मी पदार्थविज्ञान घेऊन पास झाले आहे, आणि बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे मला झोपेतही सांगता येतं. गॅरेजात येऊन पाच वर्षं झाली तरी या ज्ञानाचा उपयोग झाला नव्हता. एकदा चाचा ब्रेकची हवा काढत होते, तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांना तो नियम समजावून सांगितला. आकृतीसकट. मिनूच्या पाटीवर.

चाचांनी पाटी नीट पाहिली. आदरानं पाहिली. मग म्हणाले, "बहुत सही लिखा है. अब जिसने ये कायदा बनाया उसको बुलाओ, पेडल मारेगा."

मी पाटी घेऊन आत गेले. पण ते पेडल माझ्या नशिबात लिहिलं गेलं ते तेव्हाच.

*

मंगळवारी लांजीचे पटलेभाऊ आपला ट्रक घेऊन आले. हा ट्रक माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. पटलेभाऊ त्याला 'बाई' म्हणतात. "बाईचा ब्रेक बसून राह्यला. दोनदा मारा लागते, मंग थांबते." उद्या सकाळी धान भरून बैहरला जायचं होतं. म्हणजे घाट!

मास्टर सिलिंडर गेला होता. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलच्या पुढचा पंप. पायाचा जोर ऑइलमधून चारी बाजूंच्या चाकांपर्यंत नेणारा. ह्यांनी नवा आणला, चाचांनी टेबलावरच त्यात ऑइल भरून घेतलं आणि बसवला. आता फक्त नळ्यांमध्ये शिरलेली हवा काढायची होती. ऑइल दाबून दबत नाही, हवा दबते. आत हवा राहिली तर पेडल तळाला टेकतं आणि गाडी आपल्या वाटेनं जाते.

या कामाला दोन माणसं लागतात. तेवढ्यात भरवेलीच्या रस्त्यावर कोणाची तरी गाडी बंद पडली म्हणून ह्यांना बोलावणं आलं. मामाजींचे गुडघे पेडल मारण्यापलीकडे गेलेले. पटलेभाऊ जेवायला गेलेले. चाचांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन घसा खाकरला.

"बहू, वो कायदे वाला काम आ गया."

मी मिनूला घेऊन कॅबिनमध्ये चढले. एकटीला खाली कुठे सोडणार? चाचांनी शब्द शिकवले. तीनच. "मार" म्हटलं की चार-पाच वेळा पेडल मारायचं. "दबा" म्हटलं की दाबून धरायचं, आणि ओरडून सांगायचं, "दबाया!" मग ते चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पेच, सैल करतात, त्याला लावलेल्या नळीतून ऑइल खालच्या बाटलीत येतं, बुडबुडे येतात, आपला पाय आपोआप खाली जातो. तिथेच धरून ठेवायचा. निपल घट्ट झाला की ते म्हणतात "छोड". तेव्हाच पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा परत आत!

"आसमान गिर जाए," चाचा म्हणाले, "छोड बोले बिना पैर नहीं उठना."

लांबच्या चाकापासून सुरुवात. मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढचं डावं.

"मार!"

"दबा!"

"दबाया!"

"छोड!"

मिनूही शेजारी बसून बाहुलीला सांगत होती. मार, दबा, छोड. बाहुलीचा पाय ती स्वतः दाबून धरायची आणि माझ्याबरोबरच सोडायची. तीन चाकं झाली. मला घाम आला होता, पण मजाही येत होती. पाच वर्षांत पहिल्यांदा मी या घरात काहीतरी मोजून, नियमानुसार आणि बरोबर करत होते.

शेवटचं चाक. ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं. "दबा!" मी म्हटलं, "दबाया!" पाय खाली जाऊ लागला. आणि मिनूची बाहुली दुसऱ्या दारातून खाली पडली. मिनू तिच्यामागे वाकली. दार उघडं. जमीन चार फूट खाली.

मी तिचा फ्रॉक पकडला. फ्रॉक हातात आला, मिनू आत आली आणि माझा पाय वर आला. लगेच परत दाबला मी. पण वर आला होता.

खालून काही आवाज नाही. मग चाचा म्हणाले, "छोड." आणि परत, "मार!" परत "दबा!" आणखी दोन-तीन वेळा. मग ते चाकाजवळून उठले, फडक्याला हात पुसले आणि वर बघून म्हणाले, "हो गया. बहू का पैर अच्छा है."

इथे मी बोलायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा, बी.एस्सी.ला सेकंड क्लास मिळाल्यापासून मला कोणी काही चांगलं म्हटलेलं नव्हतं. मी हसले. "थँक यू, चाचा," म्हटलं आणि घरात येऊन भात लावला.

*

म्हणून ती रात्र. हवा आत गेली असेल? नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं होतं, मग ऑइलच आत ओढलं गेलं असणार. पण बाटली कलंडली असेल तर? पेडल दगडासारखं कडक लागत होतं. पण घाटात तापल्यावर? नियम मला पाठ होता. बाटलीचं मात्र पुस्तकात काही नव्हतं.

सकाळी पटलेभाऊ धान भरूनच आले. मामाजी आरामखुर्चीत बसले होते. आत्याबाई नेमक्या राजेगावला गेलेल्या, या वेळी बसनं.

मामाजी म्हणाले, "घाटाच्या पयल्या उतारापर्यंत ट्रायल घ्या. घरचं माणूस म्हणून मिनूले बसवा. हौस आहे तिले."

मिनू बाहुली घेऊन उभीच होती.

मी म्हटलं, "तिला सर्दी आहे."

मिनूनं नाक ओढून दाखवलं. कोरडं.

"ऊन लागेल."

"कॅबिनमंधी काहून लागन?" हे म्हणाले.

"तिचा केजीचा अभ्यास राहिलाय."

पटलेभाऊंचा चेहरा बदलू लागला. तीस वर्षांत या घरानं पहिल्यांदाच आपलं माणूस बसवायला आढेवेढे घेतले होते. ते धानाच्या पोत्यांकडे बघत होते. मामाजी माझ्याकडे बघत होते.

"माझा पाय सुटला होता," मी म्हटलं. "शेवटच्या चाकाला. 'छोड' म्हणायच्या आधी. मिनू पडत होती. आणि मी सांगितलं नाही."

रज्जाकचाचांनी विडी विझवली.

"मालूम है," ते म्हणाले. "नली में तेल उलटा चढ़ा. मैं क्या आँख बंद करके बैठा था? इसीलिए तो बाद में तीन बार और मारने को बोला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"बोलता तो पैर कांपता. कांपता पैर किस काम का?"

मामाजी खुर्चीतून उठले. "परत काढा हवा," ते म्हणाले. "चारी चाकं. पेडल तू मार," हे ह्यांना. आणि मला, "पोरी, तू खाली बस. बाटली तू पाह्य."

मी साडी खोचून प्रत्येक चाकाशी बसले. चाचांच्या शेजारी, नाक बाटलीला लावून. मार, दबा, छोड. चारी चाकं. एक बुडबुडा आला नाही. मोहरीएवढा नाही.

"अब?" चाचांनी विचारलं.

आता माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. मी मिनूला उचललं आणि म्हटलं, "दोघी बसतो."

*

ह्यांनी गाडी चालवली. खिडकीशी पटलेभाऊ, मध्ये मी, मांडीवर मिनू, मिनूच्या मांडीवर बाहुली. मागे पोत्यांची थप्पी. आधी गावाबाहेर सपाट रस्त्यावर ब्रेक मारून पाहिला. थांबली. मग एकदा जोरात. थांबली. पटलेभाऊ म्हणाले, "बाई खुश आहे."

मग घाट चढलो आणि वर जाऊन गाडी वळवली. समोर उतार. बाजूला साग, खाली दरी, पुढे वळण. हे म्हणाले, "आता," आणि गाडी सोडली. सगळ्या धानाचं ओझं पाठीशी घेऊन बाई निघाली. झाडं पळू लागली. वळण मोठं होत गेलं. ह्यांनी पेडल दाबलं.

गाडी थांबली. सरळ, न ओढता, वळणाच्या कितीतरी अलीकडे. रस्त्यावर एक म्हैस होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"वा!" पटलेभाऊ म्हणाले. "जशी लग्नात आणलीती तशी झाली!" त्यांनी दार उघडून खाली उडी मारली आणि चाकं बघायला गेले. ह्यांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळले. "कसं वाटलं?"

माझे दात एकमेकांवर बसलेले. दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर टेकलेले, गुडघे ताठ, चपलेची टाच पत्र्यात रुतलेली. तिथे पेडल नव्हतं, काहीच नव्हतं. उताराच्या सुरुवातीपासून मी ते दाबून धरलं होतं.

मिनूनं खाली वाकून माझे पाय पाहिले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, चाचांसारखी थोडी थांबली, आणि म्हणाली, "छोड, आई."